उस्ताद

घरात आम्ही स्वतःला ‘हम’ म्हणतो. माणूस एकटा असला तरी ‘हम आते’, ‘हम जाते’. मराठीत लिहितानाही ती सवय सुटत नाही. म्हणून या लेखातले ‘आम्ही’ म्हणजे बहुतेक ठिकाणी एकटे आम्हीच. बीड शहरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेतले शिक्षक, शिक्षण बी.ए., बी.एड., वय सदतीस, हाताला खडूशिवाय दुसरं काही न लागलेले. अशा माणसाने घराच्या अंगणात जुन्या मोटारीचं इंजिन खोललं आणि पुन्हा बांधलं, असं सांगितलं की स्टाफरूममध्ये हसतात. त्यांचं हसणं चूक नाही. इंजिन आम्ही बांधलं हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही.

गाडी फियाट 1100. 1950 च्या दशकातली, गुबगुबीत बांध्याची, पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असलेली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी देशभर गेली. पुढे तिच्याच घराण्यात प्रीमियर पद्मिनी जन्मली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. आमच्या अंगणातल्या तिच्या थोरल्या बहिणीला मात्र लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. आता हे नाव आमच्या मोहल्ल्यात कसं घ्यायचं? अब्बा तिला ‘गोल फियाट’ म्हणायचे. शेजारचे एखादे काका मुद्दाम तिचं पूर्ण नाव घ्यायचे, तेव्हा अम्मी ‘तौबा तौबा’ म्हणत ओढणीआड हसायची.

गाडी मुळात आमची नव्हती. अब्बा मोटार मिस्त्री. बिंदुसरा नदीच्या काठाजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. एका वकील साहेबांची ही गाडी तिथे कामाला आलेली असताना 23 जुलै 1989 चा पूर आला. त्या दिवसाबद्दल बीडकरांना वेगळं सांगायला नको. नदी वस्तीत शिरली. माणसं गेली, घरं गेली. आम्ही तेव्हा अम्मीच्या कडेवर होतो. अब्बांचं गॅरेज गेलं, हत्यारांची पेटी गेली. गाडी तेवढी दोन भिंतींच्या मध्ये अडकून राहिली, खिडक्यांपर्यंत गाळात. वकील साहेब म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या मजुरीत ठेवून घ्या, नाही तर भंगारात द्या.” अब्बांनी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी उपसलं, आत इंजिन ऑइल ओतलं, भोकं चिंध्यांनी बंद केली आणि गाडी ओढत घरी आणली. हातात पैसा आला की इंजिन बांधू, असं म्हणाले.

पैसा हातात आला. पण दर वेळी तो आमच्याकडे वळला. आधी शाळेची फी, मग डी.एड., मग पदवी, मग बी.एड. गाडी लिंबाखाली विटांवर उभी राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

अब्बांच्या हातांबद्दल सांगितलं पाहिजे. ते संध्याकाळी घरी आले की दगडावर बसून कपड्यांचा साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन हात घासायचे. वजूचं पाणी कातडीपर्यंत पोचलं पाहिजे, मध्ये ग्रीसचा थर राहिला तर वजू कसला, असं त्यांचं म्हणणं. पाव तास घासायचे. तरी नखांच्या कडांना आणि बोटांच्या चिरांना काळं राहायचंच. आम्ही पाचवीत असताना शाळेत पालकसभा होती. आम्ही घरी सांगितलं, “अब्बाकू नक्को, अम्मीकू भेजो.” कारण कोणी विचारलं नाही. अब्बांनी आपले हात पाहिले आणि ते अम्मीला म्हणाले, “हौ, तू जा.” ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं.

डी.एड. करताना आम्ही सच्चर समितीचा अहवाल वाचला. तो 2006 च्या नोव्हेंबरमध्ये संसदेपुढे आला होता. मुस्लिम मुलं शाळा मध्येच का सोडतात, लहान वयात कारागिरीला का लागतात, यावर आम्ही परीक्षेत चांगली उत्तरं लिहिली. चांगले गुणही मिळाले. मग नोकरी लागली आणि पुस्तकातला तो मुलगा वर्गात समोर येऊन बसला.

2013 ची गोष्ट. सातवीचा वर्ग. एक मुलगा आठवड्यातून तीन दिवस गैरहजर. आला तरी खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या पाहणार. बाप मोंढ्यात हमाल, घरात पाच भावंडं. तो दुपारी एका गॅरेजात पाने उचलून द्यायला जात असे. एकदा त्याच्या वहीवर ग्रीसचे ठसे दिसले. आम्ही ती वही सगळ्या वर्गापुढे उंच धरली आणि म्हणालो, “पढ़ता नै तो गॅरेजमेंच मरेगा. काले हाथ लेके फिरेगा जिंदगीभर.”

वर्ग हसला. शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलाला मारायलाही बंदी आहे आणि मनाला लागेल असं बोलायलाही. कायदा आम्हाला पाठ होता. आणि हे वाक्य कोण बोलत होतं? ज्याचं सगळं शिक्षण काळ्या हातांनी झालं, तो. मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आम्ही दोनदा त्याच्या घरी निरोप पाठवला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पुढे गेलो. पट पडताळणीचे दिवस होते, कामं पुष्कळ होती.

2024 मध्ये अब्बांची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्याच वर्षी मुलं मोठी झाली म्हणून अंगणात एक खोली काढायचं ठरलं. गाडी मध्ये येत होती. भंगारवाला आला, चहूबाजूंनी फिरला, वजनावर भाव सांगून गेला. आम्ही अब्बांना विचारलं. ते बाजेवर बसून होते. म्हणाले, “बेचना है तो बेचो. खाली एक बार उसका आवाज सुनाओ.”

पस्तीस वर्षांत त्यांनी आमच्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

शहरातली गॅरेजं फिरलो. सगळीकडे आता कॉम्प्युटर लावून दोष शोधतात. कार्बोरेटरचं नाव काढलं की मिस्त्री दुसरीकडे बघतात. एकाने सांगितलं, बार्शी नाक्याच्या पुढे एक पोरगा ट्रॅक्टरची इंजिनं बांधतो, जुन्या कामाचा त्याला शौक आहे, त्याला विचारा. दिवाळीच्या आधीचे दिवस. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या बेतात असतात, त्यामुळे ट्रॅक्टरांची रांग लागलेली. पोरगा एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. मान वळवली, आम्हाला पाहिलं आणि ताडकन सरळ झाला. हात चिंधीला पुसले. हाताखालच्या मुलाला म्हणाला, “सर आए, कुर्सी पोंछ.”

तो तोच होता. आता सव्वीस वर्षांचा. हाताखालची दोन मुलं त्याला ‘उस्ताद’ म्हणत होती.

उर्दूत हा शब्द शिक्षकालाही आहे आणि गॅरेजच्या मुख्य मिस्त्रीलाही. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘उस्ताद का एहतराम’ असे धडे असतात. हा शब्द फक्त आमच्याकडे मुक्कामाला आहे, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

ट्रॅक्टरांचं काम संपल्यावर, जानेवारीपासून तो दर जुम्म्याला नमाजनंतर घरी येऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने हँडल लावून इंजिन फिरवून पाहिलं. हललं नाही. “जाम है.” त्याने प्लग काढले, डिझेल आणि ऑइल मिसळून चारही भोकांत ओतलं आणि सांगितलं, पंधरा दिवस हात लावू नका. आम्हाला कुठला धीर! पाचव्या दिवशी आम्ही हँडलला पाइप जोडून जोर लावायला निघालो. अब्बा बाजेवरून ओरडले, “जबरदस्ती नै! रिंगा टूटते.” गंज सुटायला वेळ लागतो, तेल आपलं काम करत असतं, आपण फक्त थांबायचं. सोळाव्या दिवशी हँडल बोटभर हललं.

मग हेड काढायचं. फियाटचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. त्याचे नट वाटेल तिथून सुरू केले तर हेड वाकतं. सोडवताना बाहेरून आत यायचं, आवळताना मधून बाहेर जायचं, तेही एका दमात नाही, थोडं थोडं करून तीन फेऱ्यांत. आम्ही वहीत आकृती काढून घेतली. त्याला वही लागत नव्हती.

हेड निघालं तेव्हा पाणी फिरायच्या पोकळ्यांत वाळलेली, बारीक, चॉकलेटी माती भरलेली होती. अब्बांनी हात पुढे केला. आम्ही थोडी माती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चिमटीत चोळली आणि म्हणाले, “बिंदुसरा.” मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. त्या पुरात अब्बांचे एक जोडीदार मिस्त्री गेले होते.

इंजिन चेनपुलीने लिंबाच्या फांदीला टांगून बाहेर काढलं आणि एका जुन्या टेबलावर ठेवलं. मुलांच्या अम्मीने अंड्यांचे रिकामे ट्रे दिले. त्यात वॉल्व्ह, स्प्रिंग, टॅपेट, ज्याचं त्याच्या नंबरने. सुटा भाग नवा नसेल तर तो जिथून काढला तिथेच परत गेला पाहिजे. इतक्या वर्षांत दोन भाग एकमेकांना घासून एकमेकांचे झालेले असतात. त्यांची अदलाबदल केली की भांडण सुरू. हे सगळं तो आम्हाला सांगत होता आणि आम्ही ‘हौ’, ‘हौ’ करत होतो.

अब्बांनी 1989 मध्ये ओतलेल्या तेलाने पहिले दोन सिलिंडर बरेच वाचवले होते. तिसऱ्या-चौथ्याला गंजाने खड्डे पाडलेले. ब्लॉक एस.टी.त घालून औरंगाबादला नेला. 2023 पासून त्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे. तिथल्या वर्कशॉपमध्ये चारही सिलिंडर बोअर करून नवे स्लीव्ह बसवले, आतला व्यास पुन्हा मूळच्या 68 मिलिमीटरवर आणला. क्रँक घासून घेतला, त्याच्या मापाचे बेरिंग घेतले. पिस्टनचा सेट कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात मिळाला, पद्मिनीचा. धाकट्या बहिणीचा बोअरही 68 चाच. तरी त्याने पिन आणि उंची मोजल्याशिवाय पैसे देऊ दिले नाहीत. खोलीसाठी ठेवलेल्या पैशांतले एकवीस हजार एवढ्यात गेले. घरात एक शब्दाने कोणी विचारलं नाही, हेही इथे नोंदवतो.

वॉल्व्ह घासण्याचं काम त्याने आमच्यावर सोपवलं. वॉल्व्हच्या काठाला खरखरीत पेस्ट लावायची, रबरी चकतीची काठी त्याला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. आठ वॉल्व्ह, एकेकाला तासभर. रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही बसायचो. धाकटी मुलगी शेजारी बसून पाढे म्हणायची. वॉल्व्ह बसवून वरून डिझेल ओतायचं. थेंबही खाली झिरपला नाही तर काम झालं. पाचवा वॉल्व्ह तीनदा झिरपला. चौथ्यांदा कोरडा राहिला, तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि आम्ही अब्बांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, “हाथ दिखा.” आमचे हात त्यांनी चाचपले. तळव्यांना फोड आले होते, बोटांच्या चिरांत पेस्ट बसली होती. ते काही बोलले नाहीत. दोन्ही हात आपल्या हातांत तसेच धरून बसले.

मार्चअखेर ईद झाली आणि एप्रिलमध्ये आमच्या हातून चूक झाली. कनेक्टिंग रॉडचं खालचं तोंड दोन तुकड्यांचं असतं. वरचा तुकडा आणि खालची टोपी एकत्र आवळूनच कारखान्यात त्याचं भोक पाडतात. म्हणून एकाची टोपी दुसऱ्याला कधीच लावायची नाही. हे त्याने सांगितलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं. एका रविवारी तो नसताना आम्ही हौसेने पिस्टन उतरवले आणि टोप्या आवळल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्याची अदलाबदल झाली.

जुम्म्याला तो आला. क्रँक हाताने फिरवून पाहिला. जड जात होता. तो एकदम काही बोलला नाही. पुन्हा फिरवला, कान जवळ नेला. मग म्हणाला, “सर, एक बार खोलके देखें क्या?” टोप्या काढल्या. अब्बांनी कडेवरचे कोरलेले आकडे नखाने वाचले आणि मान हलवली. असंच इंजिन चालू झालं असतं तर बेरिंग जळालं असतं, क्रँकचा खर्च पाण्यात गेला असता.

आम्हाला घाम फुटला. सदतीस वर्षांचा माणूस, हातात वही, आणि वहीत लिहिलेलंच चुकवलेलं. तो पान्याने नट सोडवत होता. वर न बघता म्हणाला, “होता सर. हमारेसे बी होता था. नया बेरिंग है, कुछ बिगड़ा नै.”

थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, “हमारे उस्ताद तो पाना फेंकके मारते थे. तबीच सोचा था, अपन किसीकू ऐसा नै करेंगे.”

तो त्याच्या गॅरेजच्या उस्तादाबद्दल बोलत होता. दुसऱ्या उस्तादाबद्दल तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आम्ही घसा साफ केला. “सातवीमें हम तेरेकू एक बार बोले थे...” एवढंच म्हणालो. त्याने हात पुढे केला. “सर, वो चौदाका पाना दो.” आम्ही पाना दिला. त्याला आठवतं की नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं नाही. पण त्याने वाक्य पुरं होऊ दिलं नाही, याचा अर्थ काय होतो तो होतोच.

त्या दिवसापासून आम्ही त्याला नावाने हाक मारायची सोडली. ‘मिस्त्री’ म्हणू लागलो. तो संकोचायचा. अब्बा खुश व्हायचे. अब्बांचे स्वतःचे उस्ताद हैदराबादला शिकून आलेले होते. निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये सत्तावीस बसगाड्यांवर मोटारखातं सुरू केलं, त्या खात्याच्या वर्कशॉपमध्ये. पाना कसा धरायचा, नट आवळताना हाताला ‘बस’ कसं कळतं, हे त्यांनी अब्बांना दिलं. अब्बांनी ते कोणाला द्यायचं? मुलगा तर शाळेत होता. आता रोज संध्याकाळी अब्बा विचारायचे, “आज जुम्मा है क्या?”

8 जून 2025. बकरी ईदचा दुसरा दिवस, रविवार. इंजिन गाडीत बसलं होतं. पेट्रोलची बाटली उंचावर टांगलेली, नवी बॅटरी, धुतलेला रेडिएटर. प्लगच्या तारा आम्ही लावल्या. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. आम्ही मोठ्याने म्हणत लावल्या. मोहल्ल्यातली मुलं भिंतीवर चढून बसली होती. त्याने स्टार्टर दाबला. धाड! कार्बोरेटरमधून जाळ आला. मुलं भिंतीवरून पलीकडे पडली. पुन्हा दाबला, पुन्हा धाड.

तो हसला. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. त्यामुळे पहिला पिस्टन वर येतो तो दोनदा, एकदा दाबासाठी आणि एकदा धूर बाहेर टाकण्यासाठी. पिस्टन वर दिसला म्हणून आम्ही तिथूनच तारा मोजल्या होत्या. पण ती वेळ धूर टाकायची होती. ठिणगी बरोबर, तार बरोबर, पेट्रोल बरोबर. फक्त एक फेरा चुकलेला. “सर, प्लगके छेदपे अंगूठा रखो.” आम्ही अंगठा ठेवला, त्याने हँडल फिरवलं. एका फेऱ्याला काही नाही. पुढच्या फेऱ्याला हवेने अंगठा उडवला. “ये उसका टाइम है.” तारा बदलल्या.

तिसऱ्या वेळी इंजिन लागलं.

आधी निळा धूर. बांधताना लावलेलं तेल जळत होतं. मग धूर विरळ झाला, आवाज स्थिर झाला. अब्बांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. त्याचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावली, एकेका सिलिंडरपाशी सरकत गेले. म्हणाले, “तिसरेका टॅपेट ढीला है.” मिस्त्रीने फीलर गेज घालून पाहिलं. ढिलाच होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे. टॅपेट जमवला. अब्बांनी पुन्हा कान लावला. दहा मिनिटं झाली असतील. मग त्यांनी काठी शोधली, बाजेवर जाऊन बसले आणि म्हणाले, “बस. बंद करो. पेट्रोल महंगा है.”

भंगारवाल्याला आम्ही नाही म्हणून सांगितलं. गाडी अजून विटांवरच आहे. तिला ब्रेक नाहीत, टायर नाहीत. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ रूपात असली तर ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्ही.ए.’ अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि तरी रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. एवढे पैसे पाटीला घालण्यापेक्षा खोली आधी, असं घरात ठरलं आहे. अधूनमधून जुम्म्याला ती पाच मिनिटं चालू करतो. मोहल्ल्याला कळतं, आज मास्तरच्या घरी मिस्त्री आला.

गोष्ट इथे संपली असती. पण पावसाळ्यात एके दिवशी मिस्त्री शाळेत आला. चप्पल बाहेर काढून ऑफिसच्या दारात उभा राहिला. त्याला दहावीला बाहेरून बसायचं होतं, 17 नंबरचा फॉर्म भरून. पुढे आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा दाखला घ्यायचा. कर्जाच्या अर्जाला कागद लागतो, आणि हाताखालच्या मुलांना तो शिकवतो त्याला कुठे तरी शिक्का असावा, असं त्याला वाटत होतं. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. तो घ्यायला आला होता.

आम्ही जनरल रजिस्टर काढलं. पान सापडलं. अक्षर आमचंच. शाळा सोडण्याचं कारण: सतत गैरहजर. अभ्यासातील प्रगती: असमाधानकारक. तारखेखाली आमची सही, तेव्हा नवी नवी असल्याने जरा ऐटीत केलेली.

रजिस्टरमधली नोंद बदलता येत नाही. दाखल्यावर तीच उतरवावी लागते. आम्ही पेन घेतलं आणि एकेक अक्षर उतरवलं. मुख्याध्यापकांची सही झाली, शिक्का झाला. त्याने दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि बोट ठेवून वाचू लागला. मराठी तो अडखळत वाचतो. एका ठिकाणी बोट थांबलं.

“सर, ये ‘असमाधानकारक’ मतलब?”

आम्ही थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिलो. मग म्हणालो, “ईदच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा स्टार्टर दाबला, तेव्हा काय झालं होतं?”

“धाड.”

“तसं. इंजिन चांगलं होतं. तारा लावणाऱ्याने वेळ ओळखली नव्हती.”

त्याने आमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दाखल्याची घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात.

“हौ सर,” म्हणाला. दारापर्यंत गेला आणि मागे वळला. “जुम्मेकू गणितकी किताब लाऊं क्या?”